लॉट नंबर सतरा

"मागं सरा! बॉम्ब असंल!" मुकादम ओरडला.

माकणीजवळ दुष्काळी कामावर तळं खोदताना विमानाचे तुकडे निघाले. साल त्र्याहत्तर. टँकरवाला गुंडाप्पा फौजदारांना म्हणाला, "लढाईच्या काळात हितं इमान पडलं व्हतं. माझ्या बापानं डोळ्यानं बघितलं." झालं! काम बंद. बॉम्ब तपासणारं लष्कराचं पथक महिन्यानं येणार. तीनशे माणसांचं पोट त्या खड्ड्यावर, आणि महिना म्हणे!

पाचव्या दिवशी सिताबाई आबारावांच्या दारात आली. आबाराव हवाई दलात वीस वर्षं फिटर होते.

"काका, पोरगी निपचित पडलीया. पाच दिस चूल न्हाय. कायतरी करा."

तिनं पदराखालून पत्रा काढला. खड्ड्यातलाच. पीठ मळायला होईल म्हणून राखेनं घासलेला. पत्रा दिसला की घासून बघायचा, ही इथल्या बायकांची खोड. त्यावरचे शिक्के बघून आबाराव ताडकन उठले.

खड्ड्यावर त्यांनी प्रत्येक तुकडा पुसून वाचला. मग पलीकडं गुंडाप्पाच्या रानात गेले. लिंबाखाली एक लहानसा चौथरा होता, नुकताच सारवलेला. बांधावर टँकर उभा होता. त्याचं झाकणही त्यांनी निरखलं. मग फौजदारांना आणि गुंडाप्पाला खड्ड्यावर बोलावलं.

"गुंडाप्पा, विमानं किती पडली?"

"एकच की."

"फौजदारसाहेब, हा नंबर लढाऊ विमानाचा. हा मालवाहूचा. तपासणाऱ्यांचे शिक्केही वेगळे."

"धडकली असतील," फौजदार म्हणाले.

"मग हा तिसरा शिक्का बघा. 'बाद'. विमान भंगारात काढलं की मारतात. आकाशातनं पडणाऱ्या विमानावर हा मारायला कोण वर गेलं होतं? खाली लिलावाचा लॉट नंबर सतरा. तोच याच्या टँकरच्या झाकणावर आहे; लिलावात घेतलेल्या भंगारातलाच तो पत्रा. बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असते. यानं उरलेलं भंगार तेव्हाच पुरलं."

गुंडाप्पानं लिंबाकडं बोट केलं. "तळं भरलं की माझं रान बुडतंय. त्या लिंबाखाली माझं लेकरू पुरलंय, आबाराव. पाण्याखाली कसं जाऊ देऊ?"

सिताबाईला राहवेना.

"एका शब्दानं बोलला असतास, तर इंजिनेरसाहेबांच्या पाया पडून तळ्याचा बांध सरकवला असता आमी. माझी पोर अजून जित्ती हाय रं, गुंडाप्पा!" ती हमसून रडू लागली.

फौजदारांनी बेडी पुढं केली. सिताबाईनं डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला.

"साहेब, त्याला मागनं न्या. आदी काम सुरू करा."