चालू मीटर

मंगळवार, ११ मार्च. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. दुपारी तीनला घड्याळजीच्या दुकानात पार्सल आलं. ऑनलाइन मागवलेला, वापरलेला किलोमीटरचा मीटर. त्याच्या बाबांच्या पन्नास वर्षं जुन्या मोटारसायकलसाठी. रविवारी बाबा ऐंशीचे होणार होते, आणि त्या गाडीवर लेकाच्या मागे बसून एक फेरी मारायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

मीटरवरचा आकडा २१,४१२. घड्याळजीने सवयीप्रमाणे वहीत टिपला.

बुधवारी सकाळी दहाला दुकानात चिटपाखरू नव्हतं. टेबलावरून किर्र... किर्र... असा बारीक आवाज येऊ लागला. कशालाही न जोडलेल्या मीटरची चाकं आपसूक फिरत होती. जळक्या रबराचा वास सुटला. चाकं थांबली तेव्हा आकडा होता २५,४१२. गुरुवारी, त्याच वेळी, २९,४१२.

आता मात्र घड्याळजीने मीटर खोलला. आत पाहिलं आणि त्याचं डोकं सणकलं. भीतीपेक्षा फसवणूक जास्त झोंबली. त्याने विकणाऱ्याला फोन लावला.

“तुमचा मीटर बसल्या जागी पळतोय.”

“काका, जाहिरातीत लिहिलंच होतं ना, मीटर चालू आहे!”

“चालू म्हणजे चालणारा, चालत सुटलेला नव्हे! चालू तर तुम्ही आहात. चाकांवर पेचकसाचे ओरखडे आहेत. आकडा मागे फिरवलाय. तीस वर्षं घड्याळं उघडतोय मी, मला शिकवू नका.”



“सगळेच फिरवतात, काका... कमी चाललेला माल लवकर खपतो.”

“खरा आकडा किती होता?”

“एक्केचाळीस हजार चारशे बारा.”

“आणि ती गाडी?”

“ट्रकखाली गेली...” आवाज एकदम खाली आला. “दोघं होते. मुलगा चालवत होता, बाप मागे.”

घड्याळजीने वहीत मांडून पाहिलं. रोज चार हजार. खरा आकडा भरणार रविवारी.

“माझा बाप बसणार होता हो हा मीटर लावलेल्या गाडीवर! लाजा कशा वाटत नाहीत? तुमचा माल तुम्हालाच लखलाभ!”

त्याच संध्याकाळी त्याने मीटर डब्यात घातला, लाखेचं सील ठोकलं आणि कुरिअरने परत धाडला.

“मीटर कुठाय रे?” बाबांनी विचारलं.

“परत केला. खोटं बोलत होता.”

“मग फेरी?”

“बिनमीटरची.”

“म्हणजे किती लांब जायचं ते मी ठरवणार!”

रविवारी दोघं नऊला निघाले, अकराला सुखरूप परतले.

बुधवारी पार्सल परत आलं. वर कुरिअरवाल्याचा शेरा होता : ‘घेणारा रविवारी सकाळी वारला. न उघडता परत.’ सील शाबूत होतं. आत मीटर होता. आकडा ००,०००.