डाव्या बाजूची काच

वाचकहो, आता मी आपणांसमोर जी हकिगत मांडणार आहे, ती माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. तीत कल्पनेचा अंशही नाही. ज्यांना केवळ करमणूक हवी असेल त्यांनी येथेच थांबावे, ही नम्र विनंती.

भयकथा म्हटली की अमावास्येची रात्र आलीच, असा सर्वसाधारण समज असतो. माझाही होता. परंतु सदर घटना भर दुपारी घडली. गेल्या वैशाखातली दुपार. स्थळ, मिरजोळे येथील औद्योगिक वसाहतीतले माझे गाड्यांच्या काचा बसवण्याचे दुकान.

ऊन असे होते की पत्र्यावर कावळासुद्धा टेकत नव्हता.

त्या उन्हात माझ्या अंगावर काटा उभा राहिला...

प्रथम माझ्या बहिणीविषयी सांगणे आवश्यक आहे.

वेदिका माझी धाकटी बहीण. तिला पालीजवळच्या एका वाडीत दिली. भावोजींचे नाव सागर. मुंबईत बांधकामाची कंत्राटे घेतात. वेदिका त्यांची दुसरी बायको. पहिली शमिका. ती तापाचे निमित्त होऊन वारली. त्या वेळी भावोजींची परिस्थिती आजच्यासारखी नव्हती.

आमच्याकडे एक रीत आहे. पहिली बायको सवाष्ण गेली की तिच्या नावाचा चांदीचा टाक करून देवघरात बसवतात. घरात जे नवे येईल ते आधी त्या टाकापुढे ठेवायचे. साडी असो, बांगड्या असोत, नवा मिक्सर असो. आधी तिचे. मग दुसरीचे. गेलेल्या सवतीचा जीव शांत राहावा, हा त्यामागील हेतू.

वेदिकेने ही रीत निमूटपणे पाळली. निदान घरात तरी निमूटपणे.

संध्याकाळी मात्र तिचा मला फोन येई.

"दादा, आज ह्यांनी नवी साडी आणलानी. आधी तिच्यापुढं, मग मला. कुणाची तरी उतरलेली नेसल्यासारखी वाटते."

"अगो, चांदीचा तुकडा तो. त्याच्याशी कसली बरोबरी करतेस?"

"तुकडा नुसता देवघरात असता तर चाललं असतं. ती ह्यांच्या तोंडात हाय ना. आमटी केली तर शमिका अशी करायची. हसले तर शमिका अशी हसायची. मेलेल्या माणसाचं काय चुकतच नाय, दादा. जितीनं काय करायचं?"

मी तिची समजूत घालीत असे. तथापि फोन ठेवल्यावर मलाही त्या टाकाचा राग येई. माझ्या बहिणीच्या वाट्याला सारे दुसऱ्याचेच येते, हे मला सहन होत नसे.

अशातच ती गाडी आली.

विजेवर चालणारी, उंच, आलिशान. पालीच्या बाजारात माणसे हातातले टाकून तिच्याकडे पाहत. आवाज नाही. धूर नाही. दाराच्या मुठी आपोआप आत जातात आणि दार सपाट होते, धरायला काही उरत नाही. काचा दुहेरी. वर केल्या की बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही.

वेदिकेच्या सासूबाईंनी, सोनूबाईंनी, सुनेला बजावले होते. आधी टाक डाव्या सीटवर बसवायचा. गाडी देवळापर्यंत नेऊन आणायची. मग सुनेने बसायचे.

वेदिकेने सासूला सांगितले, नेऊन आणला.

मला फोनवर म्हणाली, "दादा, नाय नेला. पहिली मी बसले."

आणि हसली. इतके मोकळे हसताना मी तिला लग्नानंतर प्रथमच ऐकले.

थोड्याच दिवसांत त्या डाव्या सीटची काच फुटली...

कंपनीचे वर्कशॉप लांब, म्हणून भावोजींनी मला काच मागवायला सांगितले. काच आली त्या दिवशी दुपारी ते दोघे निघाले.

गाडी केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलेच नाही. मी हत्यारे काढून वळलो आणि ती माझ्या पाठीशी उभी होती.

"काय विनोदशेठ, दचकलात?" भावोजी हसत उतरले.

"हॉर्न तरी वाजवायचा, भावोजी."

"एवढ्या गाडीला हॉर्न कशाला? लोक आपणहून बाजूला होतात."

वेदिका उतरली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

ही दुहेरी काच फुटली तरी गळून पडत नाही. जाळे पडून जागच्या जागी राहते. ज्या बाजूने मार बसतो तिकडे खळगा पडतो आणि दुसऱ्या बाजूस फुगवटा येतो. मी सवयीने बाहेरून हात फिरवला.

फुगवटा.

मग दार उघडून आतून हात फिरवला...

खळगा. मुठीएवढा.

"आतूनच ना?" भावोजी माझ्या तोंडाकडेच पाहत होते. "मला वाटलाच होता. काच फुटली तेव्हा मी पालीला नारळ घ्यायला उतरलेलो, ही एकटी गाडीत. त्याआधी आमचं जरा वाजलेलं."

"मी हात लावला नाय," वेदिका म्हणाली.

"मग कोणी लावलान? दुसरं कोण होतं आत?"

"काय बोललात ते पण सांगा ना माझ्या भावाला."

"काय बोललो? या सीटवर शमिका शोभली असती, एवढंच. त्यात खोटं काय?" मग ते माझ्याकडे वळले. "मेलेल्या बाईवर जळते ही. आज काच फोडलान, उद्या माझ्या डोक्यात काय घालील. चार दिवस तुमच्याकडे राहू दे. डोकं थंड झालं की बघू."

चार दिवस माहेरी, म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही समजते. अशी ठेवलेली मुलगी परत नेली जातेच असे नाही.

वेदिकेचे ओठ पांढरे पडले. काच बाहेरून फुटली असे म्हणावे, तर तो खळगा भावोजींच्याही हाताला लागत होता.

मी खाली मान घालून काम सुरू केले.

दाराचे पॅनल उतरवले. फुटकी काच काढली. पोकळीतला चुरा झाडून घेतला. नवी काच खाचेत बसवली, मोटर जोडली, काच कापडाने स्वच्छ पुसली.

तेवढ्यात वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला. शेजारचा वेल्डिंगचा आवाज थांबला. सारी वसाहत एकाएकी गप्प झाली...

गाडीला आमच्या विजेची गरज नव्हती. मी बटण दाबले.

झूंऽऽ करीत काच वर चढू लागली.

आणि चार बोटे उरली असताना थांबली.

मग आपोआप खाली गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. काच वर जाताना कुणाचा हात मध्ये आला, तर तो चिरडू नये म्हणून ती आपण होऊन खाली येते. नव्या काचेची सवय गाडीला लावावी लागते, तेव्हा एखादे वेळी असे होते. मी तिला पद्धतशीर शिकवले. एकदा पूर्ण खाली, एकदा वर.

चार बोटे उरली... आणि खाली.

रबर तपासले. खाच तपासली. भावोजींनी चालकाच्या जागेवरून बटण दाबून पाहिले. तेच. उरलेल्या तिन्ही काचा सुरळीत वर-खाली होत होत्या. फक्त डावी पुढची नाही.

"काच चुकीची आणलात काय?" भावोजी म्हणाले.

मी काचेच्या वरच्या कडेकडे पाहत होतो.

मी स्वतः पुसलेल्या त्या काचेवर ठसे होते...

बाहेरच्या बाजूस चार बोटांचे. आतल्या बाजूस अंगठ्याचा.

म्हणजे जो कोणी काच धरून होता, तो बाहेर उभा नव्हता. तो आत, त्या सीटवर बसलेला होता.

सीट रिकामी होती.

मी मागे सरलो. भावोजींनी ठसे पाहिले आणि माझाच हात लागला असणार म्हणाले. मी माझा हात त्या ठशांजवळ नेला. ठसे बारीक होते. बाईच्या हाताचे.

त्यांनी वेदिकेकडे पाहिले. ती तर दुकानाच्या दारात उभी होती. आल्यापासून ती गाडीजवळ फिरकलीही नव्हती.

"टाक नेलेलास ना देवळात?" भावोजींचा आवाज बदलला होता. "आईला काय सांगितलास तू?"

"खोटं सांगितलं. नाय नेला."

"का?"

"का म्हणजे? ताटात तिचा घास आधी. साडीवर तिची नजर आधी. माझा नवरा मला तिच्यामागून मिळाला. एक तरी गोष्ट पहिली माझी असू दे म्हटलं."

"तिचा मान होता तो."

"मान?"

वेदिका दोन पावले पुढे आली. ती चिडली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. आम्हा भावंडांना ते ठाऊक आहे.

"तिला तापात दवाखान्यात नेलात ती कशातून? सासूबाई मला सांगतात. एस.टी.तून. बसायला जागा नव्हती, तर उभी होती ती. तुम्ही पुढं दारात बिडी ओढत होतात. जिवंतपणी तिला बाजूला बसवलात काय कधी? आता चांदीची करून बसवताय. आणि तिचं नाव घेऊन मला टोचताय. माझ्यावर कसला राग काढील हो ती?"

भावोजींनी तोंड उघडले.

तेवढ्यात आवाज आला.

झूंऽऽ...

माझे हात माझ्या बाजूला होते. भावोजींचे हात रिकामे होते. बटणाजवळ कोणीही नव्हते.

काच वर चढत होती. अगदी सावकाश.

चार बोटे उरली...

तीन...

पूर्ण मिटली.

वेदिका कितीतरी वेळ त्या काचेकडे पाहत राहिली. मग गाडीला वळसा घालून गेली, चालकाच्या बाजूचे दार उघडले आणि आत बसली. दार लागले. मुठी आत गेल्या. चारही दारे सपाट झाली.

किल्ली भावोजींच्या खिशात होती. त्यांनी ती दाबली. पुन्हा दाबली. काही उघडले नाही.

आम्ही दोघे काचेबाहेर उभे होतो. आत वेदिका रिकाम्या सीटकडे तोंड करून बसली होती.

ती बोलत होती. मग थांबत होती. मान हलवीत होती. मध्येच तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा बोलू लागली.

आम्हांला काहीच ऐकू येत नव्हते.

भावोजींनी काचेवर थापा मारल्या. तिने वळूनही पाहिले नाही.

अखेर दार उघडले. मी धावत गेलो.

"वेदी, काय झालं गो? कोणाशी बोलत होतीस?"

ती शांत होती. तिच्या चेहऱ्यावरची ती जळजळ, जी मी लग्नापासून पाहत आलो होतो, ती पार गेली होती.

"ती माझ्यावर रागावलेलीच नव्हती, दादा."

"मग कोणावर?"

तिने भावोजींकडे पाहिले. म्हणाली, "चला. घरी जाऊ. तुम्ही मागं बसा."

का कोण जाणे, ते मुकाट्याने मागे बसले.

वाचकहो, माझ्या बहिणीला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा येत नव्हती. मी ओरडलो असेन. पण ती गाडी सरळ मागे सरली, फाटकातून वळली आणि आवाज न करता उन्हात निघून गेली.

डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता.

त्यानंतर वेदिका सुखात आहे. माहेरी ठेवण्याची गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही. आपली बहीण सुखात असावी, हीच कोणत्याही भावाची इच्छा असते. परंतु संध्याकाळचा तिचा फोन बंद झाला. मी केला तर म्हणते, "दादा, मग बोलू, आता आम्ही बसलोय."

पावसाळा सरत आला तेव्हा भावोजी माझ्या दुकानात एकटेच आले. वाळून गेले होते. स्टुलावर बसले.

"गाडी हीच चालवते आता," म्हणाले. "मी मागं. संध्याकाळी अंगणात गाडी उभी करते आणि काचा वर करून आत बसते. बाहेरून मी बघतो. हसते रे. काहीतरी सांगते, मग ऐकते, मग हसते. मी विचारला तर म्हणते, आमच्यातलं आहे."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"शमिका माझी बायको होती," ते म्हणाले. "हिच्या आधी माझी होती. माझ्याशी एक शब्द बोलत नाय."

मग त्यांनी माझा हात धरला.

"ती डावी काच बदल. साधी बसव, एकेरी. आतलं बाहेर ऐकू येईल अशी. हिला सांगू नको."

मी बघतो म्हणालो. काच मागवली नाही. कोणाशी बोललोही नाही. माझ्या बायकोलासुद्धा सांगितले नाही.

परवा, कित्येक दिवसांनी, वेदिकेचा फोन आला.

"दादा, ती काच बदलू नको हां," म्हणाली. "आम्हांला हीच बरी आहे."

फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता...

आणि तिच्या दोन श्वासांच्या मध्ये, आणखी एक.

मी फोन ठेवला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. भीतीने म्हणावे, तर पूर्णपणे तसेही नाही. लहानपणापासून माझी बहीण तिच्या मनातले सारे फक्त मला सांगत आली होती.

या घटनेचा उलगडा मजपाशी नाही. जे घडले ते जसेच्या तसे लिहिले. नववीपर्यंतच शिक्षण झाल्यामुळे लेखनात काही न्यून राहिले असल्यास उदार मनाने पदरात घ्यावे. आपण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
विनोद गंगाराम घवाळी
मिरजोळे, रत्नागिरी