टेकडीवरची कण्हेर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बरगीच्या जलाशयातल्या टेकडीवर एक गाय कोसळली, ती पुन्हा उठली नाही. साडेसातला पशुवैद्य पद्मजा जबलपूरहून घाटावर पोचली. बरोबर होते जबलपूरच्याच गोरखपूर भागातले भाऊराव, वरातीच्या घोड्या पाळणारे. नाव हल्के बर्मनची, मेलेली गायही त्याचीच. टेकडीवर त्याच्या आणखी आठ गाई आणि भाऊरावांच्या तीन घोड्या होत्या. त्या सगळ्यांना आज जिवंत किनाऱ्याला आणायचे होते.

चातुर्मासात वराती थांबल्या की भाऊराव घोड्या इथे चरायला सोडत. उन्हाळ्यात टेकडी किनाऱ्याला जोडलेली असे. पाणी चढले की तिचे बेट होई. यंदा पाणी भराभर चढले. गवत बुडत गेले, जनावरे वर सरकत गेली, आणि माथ्यावरच्या ओसाड विश्रामगृहाभोवती मुबलक हिरवे उरले ते एकच : कण्हेर! मूठभर पाने पोटात गेली तरी हृदय बंद पाडणारी.

"पण जनावर कण्हेरीले तोंड नाही लावत, डॉक्टरबाई," भाऊराव म्हणाले. "कडू जहर असते ते."

"मग गाय काहून मेली?"

नाव पाण्याच्या मधोमध आली होती.

"दीदी, झुको!" हल्के ओरडला. खाडकन आवाज झाला. पाण्याखालच्या वठलेल्या झाडाच्या बुंध्यावर नाव आदळली, तिरपी झाली, पाणी आत आले. पद्मजाने औषधांची पेटी छातीशी धरली आणि मोकळ्या हाताने पाणी उपसायला घेतले. हल्केने बांबूने रेटा दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाव सुटली!

माथ्यावर पोचताच पद्मजा थबकली. तिन्ही घोड्या एका कुंपणात होत्या. कुंपण तोडलेल्या फांद्यांचे होते. पाने सुकलेली, आणि खालच्या फांद्या कुरतडलेल्या. बाहेरच्या अंगाला मेलेली गाय पडली होती.

"हे कोणी घातलं?"

"मीच. मंगळवारी," भाऊराव म्हणाले. "घोड्या पाण्यात जाऊ नये म्हणून. म्हटलं, जनावर जे खातच नाही त्याचंच कुंपण पक्कं."

"कण्हेर ओली असते तोवर कडू असते, भाऊराव. सुकली की कडूपणा कमी होतो. विष तेवढंच राहतं."

भाऊरावांनी कुरतडलेली फांदी हातात घेतली. "म्हणजे मीच घातलं जहर?"

"रडायचं ते मागाहून. आधी घोड्या बाहेर काढा!"

हल्केने फांद्यांचा ढीग केला आणि काडेपेटी काढली. पद्मजाने ती हिसकावली. "धुराने आपणच आडवे होऊ, भैया!" हातांना फडकी गुंडाळून तिघांनी एकूण एक फांदी विश्रामगृहाच्या खोलीत कोंबली. गळलेली पानेही गोळा केली. दार तारेने बांधले.

मग तपासणी. दोन घोड्यांची नाडी सरळ होती. तिसरी शेवंती, पांढरीशुभ्र, भाऊरावांच्या हातावर वाढलेली. ती पोटाकडे वळून वळून पाहत होती. नाडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, दुपटीच्या आसपास. दर चौथा ठोका गायब. पद्मजाने नाकातून नळी घालून पाण्यात कालवलेली औषधी कोळशाची पूड पोटात सोडली. विषाला उतारा तिच्याजवळ नव्हता. पोटात उरले असेल ते कोळशाने धरावे, एवढीच आशा.

"हिलेही नेऊ," भाऊराव म्हणाले. "आठ मिनिटांचं तर पाणी आहे!"

"पोहताना हृदय फुटेल तिचं. हिला पळवायचं नाही, दमवायचं नाही, घाबरवायचंही नाही. ती इथंच राहील. मी थांबते."

"पानी चढ रहा है, दीदी," हल्के म्हणाला.

"दिसतंय मला. तुम्ही निघा. त्या दोघी तुमच्याच आवाजामागे येतील, भाऊराव."

भाऊरावांनी शेवंतीच्या कपाळाला कपाळ टेकवले आणि पाठ न वळवता उलटे चालत गेले.

पद्मजा वरून पाहत होती. घोड्या नावेमागे, गाई घोड्यांमागे. आधी सगळे सुरळीत. मग मधोमध एका घोडीचा दोर बुंध्यात अडकला. डोके पाण्याखाली गेले! भाऊरावांनी उडी घेतली. पाण्यावर कोणीच दिसेना. शेवंतीच्या मानेवरचा पद्मजाचा हात जागचा हलला नाही. ती ओरडली असती तर शेवंती बिथरली असती. मग दोर सुटा दिसला, घोडीचे डोके वर आले, आणि तिच्या आयाळीला लटकलेले भाऊराव! अकराच्या सुमाराला दोन घोड्या आणि आठही गाई किनाऱ्याला लागल्या. पद्मजाने त्या दोनदा मोजल्या.

बारा वाजता हल्के भाऊरावांना परत घेऊन आला. दोन नावा जोडून वर फळ्या ठोकायच्या, म्हणजे शेवंतीला उभ्या उभ्या नेता येईल, असे ठरले. तो दुसरी नाव आणि फळ्या आणायला गेला; संध्याकाळ होईल म्हणाला.

"चुकीचं काम पक्कं केलं मी," भाऊराव म्हणाले.

"हो. आता घाटावर सगळ्यांना सांगा. तुमचं ऐकतील."

"सांगतो. तोंड लपवून नाही राहणार."

दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी शेवंतीची नाडी चोपन्न होती. ठोका अजून चुकत होता, पण बारा-तेरा ठोक्यांत एकदा. तिने भाऊरावांच्या हातून किनाऱ्यावरून आणलेले बचकभर गवत घेतले आणि सावकाश चावले. पाणी विश्रामगृहाच्या पायरीपासून नऊ पावलांवर होते. जोडनाव अजून दिसली नव्हती.