नाकरावांचं अंबर

“माझ्या पोटच्या पोरीनं माझं अंबर चोरलं,” असं म्हणून पाहुण्यांनी एक बाटली टेबलावर ठेवली.

बाजारात त्यांना नाकराव म्हणत. अत्तरं बनवण्यात हयात गेलेली. नाकावर माशी बसलीच तर ती कुठून आली हे वासावरून सांगतील, अशी ख्याती.

“वडिलांच्या वेळचा अर्क. गडद, तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गाळ. आज उघडून बघतो तर स्वच्छ पाणी. वास नावाला नाही.”

अंबर म्हणजे देवमाशाला पोटात नकोशी झालेली आणि माणसाला अंगावर हवीशी वाटणारी वस्तू. हल्ली ती मिळणं कठीण.

“मुलीवरच संशय का?” गुप्तहेरबाईंनी विचारलं.

“ती प्रयोगशाळेतलं नकली अंबर वापरते. त्याला वासच नाही. खऱ्याचा मोह पडला असणार. कारखाना तिच्या नावावर करणार होतो. आता कुलूप लावीन, पण तिला देणार नाही.”

बाईंनी बाटली हुंगली आणि आपल्या यजमानांपुढे धरली. यजमान निवृत्त दंतवैद्य. ते प्रत्येक तपासात बरोबर असत, आणि प्रत्येक तपासात मागे असत.

“छान आहे की,” डॉक्टर म्हणाले. “उन्हात वाळलेलं लाकूड. जरासं खारट.”

“तुमचा जन्म लवंगेच्या तेलात गेला,” नाकराव म्हणाले. “तुमचं नाक जमेस धरता येणार नाही.”

डॉक्टर ओशाळले. बाई मात्र त्यांच्याकडे कौतुकानं पाहत होत्या. लग्नानंतर असा प्रसंग क्वचितच आला होता.

नाकरावांचा कारखाना त्यांच्याच घराच्या पुढच्या खोल्यांत होता. अंबर असायचं त्या फळीवर नवा कोरा कागद अंथरलेला.

“नकली नाही, पर्यायी म्हणा,” मुलगी म्हणाली. “एका रोपातल्या द्रव्यापासून घडवतात. देवमाशाला ताप नाही. काही गिऱ्हाइकं मात्र भरलेली बाटली परत आणतात, वासच नाही म्हणून. खोटं बोलत नाहीत ती. काही नाकांना हा एक वास लागतच नाही. बाकी सगळे लागतात.” हे म्हणताना ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती.

बाईंनी बाटली दिली. तिनं हुंगली आणि चटकन बूच लावलं.

“मीच घेतलं असं समजा. बाबांना सांगा, मी दुसरीकडे नोकरी बघते.”

“झाली कबुली,” बाहेर येताच डॉक्टर म्हणाले. “चला जेवायला.”

“अहो, चोर इतक्या सहज कबूल झाले असते, तर मला शिवणाचे क्लास काढावे लागले असते.”

स्वयंपाकघरात मुलीच्या आई भाजी चिरत होत्या. अंगाला लेकीच्याच अत्तराचा दरवळ.

“मला बाटल्यांतलं काय कळतं? मी आपली झाडलोट करते. हे तर इकडे फिरकतही नाहीत. कांद्यानं नाक बिघडतं म्हणे.”

मागच्या दारातल्या पायपुसण्यावर मांजर डोळे मिटून लोळत होतं.

“समुद्रावर कोणी गोठा बांधलाय का?” पायपुसण्याच्या दिशेनं हुंगत डॉक्टर कुजबुजले.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. नाकराव दारातच अडले.

“बाटलीत पाणी नाही,” बाई म्हणाल्या. “डॉक्टरांना वास आला, मलाही आला. ते तुमच्या मुलीचं पर्यायी अंबर आहे. खऱ्या अंबरात अनेक वास असतात, यात एकच, आणि तो तुमच्या नाकाला लागत नाही, एवढंच.”

“म्हणजे तिनंच भरलं.”

“तुम्हाला लागत नाही हे तिला केव्हाच कळलंय. फसवायला ती नेमकं तेच कशाला भरेल? भरणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, आणि दोन्ही वास सारखेच वाटत होते. फळीवर नवा कागद कोण घालतं? मुलीनं कोणासाठी आळ अंगावर घेतला?”

आईंनी विळी बाजूला ठेवली. “पुसताना कलंडली बाटली. तुमच्या वडिलांची आठवण. सांगायचा धीर होईना. जे हाताला लागलं त्यानं टिपलं, आणि पोरीचं भरून ठेवलं.”

“मग तो गोठा...” डॉक्टर म्हणाले.

“सांडलेलं खरं अंबर त्या पायपुसण्यात मुरलंय. तोच खजिना,” बाई म्हणाल्या. “मांजराला तुमच्याआधी कळला.”

नाकराव मुलीकडे वळले. “मला सांगितलं का नाहीस?”

“ज्या माणसाला गाव नाकराव म्हणतं, त्याला काय सांगू बाबा?”

नाकराव स्वयंपाकघरात शिरले. मांजराला सारून पायपुसण्यापाशी बसले आणि डोळे मिटून ते हुंगत राहिले. मग मुलीची बाटली हुंगली. काहीच नाही.

“कसा येतो गं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“लग्नानंतर कारखान्यातून यायचात ना, तेव्हा तुमच्या सदऱ्याला यायचा तसा.”

नाकरावांनी खिशातून किल्ली काढून लेकीच्या हातावर ठेवली.

“कारखाना तुझा,” ते म्हणाले. “पायपुसणं माझं.”

मांजराचं मत कोणी विचारलं नाही.