सरक की, शिवा

ही गोष्ट खरी आहे. शपथ घ्या म्हणाल तर माझ्या दहावीच्या निकालाची घेते. यापेक्षा मोठी शपथ सध्या माझ्याकडे नाही.

आणि आधीच सांगते. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. पिंपळ, विहीर, पांढरी साडी... यातलं काहीच नव्हतं.

यंदाच्या मे महिन्याची नऊ तारीख. शुक्रवार. दुपारचे सव्वाबारा. ठिकाण सेलू, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं माझ्या मामाचं दुकान. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

मी स्वतः तिथं नव्हते. तिथं दोघंच होते, रंगनाथमामा आणि सृष्टीताई. मी दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळलं.

मामा आता झेरॉक्स काढतो आणि पासपोर्ट फोटो काढतो. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी तो आणि त्याचा जिवलग दोस्त शिवप्रसाद, दोघं मिळून लग्नांच्या शूटिंगची कामं घ्यायचे. शिवा कॅमेरा धरायचा. मामा मिक्सिंग करायचा. म्हणजे कॅसेटमधलं लग्न कम्प्युटरमध्ये उतरवायचं, कोपऱ्यातून गुलाब फिरवायचे, बदामात नवरा-नवरी बसवायचे.

साधा कम्प्युटर या कामाला दम टाकायचा. म्हणून दोघं हैदराबादला जाऊन एक वेगळाच घेऊन आले. दोन प्रोसेसरवाला. एका धडाला दोन डोकी म्हणा ना! तेव्हा प्रोसेसर म्हणजे कॅसेटएवढा काळा डबा असायचा, पाठीवर पंखा असलेला. कम्प्युटरच्या आतल्या बोर्डावरच्या लांबट खाचेत तो उभा बसायचा. दोन खाचा, दोन डबे.

"एक तुजा, एक माजा," शिवा म्हणाला होता.

कम्प्युटरसमोर बाकडं मात्र एकच. शिवा आधी येऊन मधोमध बसायचा.

"सरक की, शिवा," मामा म्हणायचा.

"आधी मी बसलोय," शिवा म्हणायचा आणि तसूभर हलायचा नाही. हे रोजचंच.

२००४ साली मानवतकडचं एक लग्न शूट करून शिवा मोटरसायकलवर परत येत होता. ट्रकनं उडवलं. त्याची मुलगी सृष्टी तेव्हा आठ महिन्यांची होती.

गंगाखेडला गोदावरीत अस्थी सोडायच्या वेळी मामानं पिशवीतून एक काळा डबा काढला. शिवाच्या वाट्याचा प्रोसेसर. त्यानं तो आपल्या हातानं खाचेतून उपसून आणला होता.

"त्याचा हाय. त्याच्यासंगं जाऊ द्या."

अस्थींबरोबर डबाही पाण्यात गेला. कम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर गेला.

आणि एकवीस वर्षं तिथंच राहिला.

या एप्रिलमध्ये सृष्टीताई दुकानात आली. हातात एक व्हिडिओ कॅसेट. आतली फीत पांढऱ्या बुरशीनं माखलेली.

"काका, आई-बाबाच्या लग्नाची हाय. ही चालंल का?"

मामानं कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. मान हलवली.

"माजं लग्न चौदा मेला हाय," ती म्हणाली. "माज्या लग्नाआधी मला बाबाचं लग्न बघायचंय."

बापाचे फोटो तिच्याकडे होते. मोजून चार. कॅमेरा धरणारा माणूस स्वतः कुठल्या कॅसेटमध्ये येणार? त्याच्या स्वतःच्या लग्नात तेवढा कॅमेरा मामाकडे होता. शिवा चालायचा कसा, हसताना त्याची मान कुठं कलायची, हे ताईनं कधी पाहिलंच नव्हतं.

मामानं कॅसेट गल्ल्यावर ठेवली. मग त्याला माळा आठवला. त्या लग्नाचं मिक्सिंग त्याच कम्प्युटरवर केलेलं!

पोतं खाली आलं. आत पालीची अंडी, कपाशीच्या वाळक्या बोंडांचा कचरा, बोटभर धूळ. लग्न साठवलेल्या हार्ड डिस्का दोन होत्या. अर्धं चित्र एकीवर, अर्धं दुसरीवर, आणि दोन्ही अर्धी जोडणारा तो एकच बोर्ड. परभणीच्या डिस्का दुरुस्त करणाऱ्यानंही हात टेकले. "आधी हाच बोर्ड जिता करा," म्हणाला.

मग मामा लागला कामाला. फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले. नांदेडहून जुनी रॅम आणली. कुठून कुठून तारा जमवल्या. सगळं जमलं. एकच जमेना.

एक खाच रिकामी होती.

आणि हा बोर्ड असला हट्टी, की एक खाच रिकामी असली तर चालूच होत नाही. पूजेला जोडीतलं एक माणूस नसलं की त्याच्या जागी सुपारी ठेवतात ना? तसं या रिकाम्या खाचेत एक नुसतं, कामाचं नसलेलं कार्ड खोचावं लागतं. मामाकडे ते कधी नव्हतंच. दोन्ही खाचा पहिल्यापासून भरलेल्या होत्या.

"घरातली चिकनी सुपारी देऊ का?" मामी म्हणाली.

"दे, आन् अडकित्ता बी दे. डोकं फोडून घेतो माजं," मामा म्हणाला.

पण मामाला ते नुसतं कार्ड नकोच होतं. त्याला पहिल्यासारखी जोडी हवी होती. डब्याच्या पाठीवरचा नंबर पहिल्याशी अक्षरन् अक्षर जुळला तरच दोघं एकत्र नांदतात. महिनाभर तो फोन करत होता. मामी म्हणायची, "पोरीचं स्थळ तीन दिसांत जुळलं. ह्या डब्याचं कामून जुळंना?"

शेवटी पालमच्या पप्पू भंगारवाल्याचा फोन आला.

"रंगनाथशेठ, जुळला! छत्तीसच्या छत्तीस गुण! शनिवारच्या एसटीनं कंडक्टरपाशी देतो."

म्हणून शुक्रवारी मामा फक्त बाकीची जुळणी तपासत होता. पंखे फिरतात का, तारा तापतात का, एवढंच. सृष्टीताई पत्रिका द्यायला आली होती, ती बाकड्यावर बसली.

मामानं बटण दाबलं.

एक पंखा फिरला. स्क्रीन काळीच. होणारच होतं.

बंद केलं. परत दाबलं. तेच.

तिसऱ्यांदा दाबलं आणि मामा उठला. "चल, उद्या बघू," म्हणत प्लग काढायला वाकला.

आणि...

आवाज बदलला.

एका पंख्याची घरघर होती तिथं दोन झाल्या. एक जाड, एक बारीक. वीस वर्षांपूर्वी रोज ऐकलेला तोच जोडआवाज. मामाच्या हातावरचे केस उभे राहिले.

स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. सुरू होताना हा कम्प्युटर आपले प्रोसेसर मोजून आकडा दाखवतो.

आकडा आला...

दोन.

मामानं टॉर्च मारून आत पाहिलं. पहिल्या खाचेत त्याचा डबा. दुसरी खाच...

रिकामी.

त्यानं हळूच बोट पुढं नेलं. खाचेच्या वर, मोकळ्या हवेत.

गरम होतं. नाकासमोर बोट धरल्यावर लागतं ना, तसं गरम.

"काका, काय झालं?"

"काई न्हाई," मामा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

तेवढ्यात डिस्का घुमल्या. जुना पडदा आला, जुनी नावं आली. "शिवा-माधवी". ताईनं ते वाचलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आता बंद कर म्हणायला मामाची जीभ रेटली नाही. त्यानं ते नाव दाबलं.

मांडव. सनई. तरुण माधवीकाकू, पिवळी साडी, खाली नजर. ताई हसत होती आणि रडतही होती.

"आई! किती बारीक होती माय!"

अंतरपाट धरलेला. मंगलाष्टकं संपली. अक्षता उडाल्या. अंतरपाट खाली आला...

पलीकडे कुणीच नव्हतं.

भटजी होते. मागं करवली होती. नवरदेवाचा पाट होता. पाटावर कुणी नव्हतं. काकूनं हार उचलला, पुढं झुकून घातला... आणि तो हार खाली पडला नाही. माणसाच्या गळ्याएवढ्या उंचीवर, हवेत, नुसता लोंबत राहिला.

मामानं स्वतः ते शूटिंग केलं होतं. शिवाच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरल्याचं त्याला लख्ख आठवत होतं.

"काका," ताईचा आवाज अगदी लहान झाला. "बाबा कुठं हाय?"

मामा खाचेकडे बघत होता.

त्यानं प्लग उपसला. स्क्रीन विझली. जाड पंखा थांबला.

बारीक आवाज...

थांबला नाही.

बराच वेळ थांबला नाही.

शनिवारी पप्पूचा डबा आला. नंबर जुळत होता. सृष्टीताई हळद दळायच्या गडबडीतून पळून आली होती. मामानं डबा पुसला, दुसऱ्या खाचेवर धरला, दाबला.

बसला नाही.

उलटा करून पाहिला. खाच फुंकून पाहिली. बसला नाही. मग आपला डबा काढून पप्पूचा पहिल्या खाचेत घातला. लोण्यात सुरी गेल्यासारखा बसला. म्हणजे डबा ठीक होता. पण दुसऱ्या खाचेत जाईना. आत कुणी खांदा लावून बसलंय, असं मामाच्या हाताला लागत होतं.

"जागाच न्हाई," मामा म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं, मग खाचेकडे. तीच बोलली.

"इथं बसलाय म्हणून तिथं दिसंना, व्हय ना काका?"

एकवीस वर्षं न उच्चारलेलं वाक्य मामाच्या तोंडून आपसूक बाहेर आलं.

"सरक की, शिवा."

काहीच नाही.

"सरक की रे. पोरीला तुजं तोंड बघायचंय. चार दिसांनी सासरी जाईल ती. तू इथून उठलास तर तिथं दिसशील. सरक की जरा..."

मामा घामानं भिजला होता. डबा दाबून दाबून अंगठ्यातून रक्त आलं. शेवटी ताईनंच त्याचा हात धरला. तिनं आपला तळवा खाचेवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "गरम हाय."

आणि ती घरी निघून गेली.

मंगळवारपर्यंत मामा रोज प्रयत्न करत होता. रोज तेच. खाच गरम. डबा बाहेर.

बुधवारी, चौदा तारखेला, लग्न. बारा एकवीसचा मुहूर्त. मामानं दुकानाला दोन कुलुपं लावली आणि आम्ही सगळे कार्यालयात गेलो. हो, मीपण! आता जे सांगते ते माझं स्वतःचं आहे.

ही गर्दी! लोक भिंतीला टेकून उभे. माधवीकाकूशेजारी पुढच्याच रांगेत एक खुर्ची मोकळी होती. मी म्हटलं, वा! आणि गेले बसायला.

टेकले आणि उठले.

खुर्ची गरम होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी नाही... अजून कुणी बसलेलं असल्यासारखी.

आधी वाटलं, उन्हानं तापली असेल. पण कार्यालयाला पक्कं छत होतं आणि कूलर आमच्याच तोंडावर होता. काकूनं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि पदराचं टोक उचलून खुर्चीच्या हातावर ठेवलं.

अक्षता पडल्या. ताईचा अंतरपाट खाली आला. पलीकडे तिचा नवरा होता. मी मुद्दाम नीट बघून घेतलं.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर मामा दुकानात गेला. दोन्ही कुलुपं जशीच्या तशी. त्यानं कम्प्युटरचं झाकण काढलं.

दुसऱ्या खाचेत... अक्षता होत्या. हळदीच्या, ओलसर. पाच-सहा दाणे.

मामा मटकन बाकड्यावर बसला. शिवा उठला होता. तासभर का होईना, जागा सोडून गेला होता. तेव्हा खाच रिकामी होती! तेव्हा डबा बसला असता! आणि तेव्हाच आम्ही सगळे तिकडे मांडवात होतो.

त्यानं घाईघाईनं दाणे काढले, डबा लावला, दाबला.

खाच पुन्हा गरम झालेली होती.

हे का झालं, मला माहीत नाही. कम्प्युटर तिथंच आहे, प्लग काढलेला. पप्पूचा डबा गल्ल्याशेजारच्या खणात आहे. मला पूर्वी भूत-बित म्हटलं की हसू यायचं. आता कुठल्याही मोकळ्या खुर्चीत बसण्याआधी मी हात लावून बघते. मैत्रिणी चिडवतात. चिडवू देत.

सृष्टीताई दर रविवारी सासरहून मामाला फोन करते. जेवलात का, मामीचे गुडघे कसे आहेत, पाऊसपाणी, सगळं विचारते. आणि अगदी शेवटी, ठेवता ठेवता, हळू आवाजात विचारते.

"काका, सरकला का?"

मामा उठतो. आत जातो. खाचेवर बोट धरतो.

"न्हाई, बाई. अजून न्हाई."