भिंगरीचा गुडघा

बिबट्याच्या आधी भिंगरीला गाठायचं आणि जिवंत लोणावळ्याला आणायचं, एवढ्यासाठी सन बत्तीसच्या कार्तिकात आम्ही तिघं राजमाचीच्या रानात शिरलो. भिंगरी माझी घोडी. शिकारीला आलेल्या साहेबानं भाड्यानं नेली, शेवाळलेल्या कातळावर पिटाळली, मागचा पाय पिळवटताच खोगीर काढून तिथंच सोडली! वर निरोप, "गोळी घाल." घोडी म्हणजे काय फुटकं मडकं?

बरोबर कुसगावचा कोंडाजी. जनावर लंगडलं की विळा तापवून डाग द्यायचा, एवढीच त्याची विद्या. वाट दाखवायला ठाकरवाडीची गंगी.

कारवीची झुडपं तुडवत, दोन ओढे ओलांडून दुपारी पोचलो. भिंगरी तीन पायांवर उभी होती. कोंडाजीनं लगेच जाळ केला.

"खुबा गेलाय, महिपतीभाऊ. डाग दिला की चालाय लागंल."

मी खुबा दाबला. घोडी गप्प. मागच्या गुडघ्याला हात लावला. गरम, सुजलेला! तिनं लाथच झाडली. गुडघ्याची हाडं बांधून धरणारे बंध ताणले होते.

"दुखणं गुडघ्याला अन् डाग ढुंगणाला! तुझा गुडघा मुरगळला तर कुटं ठेवू विळा?"

गंगी खो खो हसली. कोंडाजीनं जाळ विझवला.

माझा पटका गुडघ्याला गुंडाळून आम्ही निघालो. कड्याला चिकटलेली उतरणीची वाट आली. चार पावलं, आणि गुडघा लचकला! घोडीचं मागचं अंग दरीकडं गेलं. दगड सुटले. कोंडाजीनं शेपूट धरून पाय रोवले. मी लगाम ओढला. गंगीनं खांदा लावला. एक हिसका! भिंगरी वाटेवर आली, थरथरत उभी राहिली. तेवढ्यात खालच्या झाडीत बिबट्या गुरगुरला.

"भाऊ, उतरणीला पाय पार जाईल," गंगी म्हणाली. "सपाटीनं आमच्या वाडीला चला. ऱ्हाऊ द्या तिला तितं."

"किती दिस?"

"त्ये तिचा पाय सांगंल. मी कोण?"

लोणावळ्यात पाहुण्यांचा हंगाम तोंडावर आलेला. घोडी नाही तर धंदा नाही. तरी मी लोणावळ्याच्या वाटेकडं पाठ केली.

गंगीच्या गोठ्यात गार पाण्याच्या पट्ट्या, हिरवं गवत आणि आराम. दुसरं औषध नाही. मीही तिथंच नाचणीची भाकरी खात राहिलो. इतकी गोड झोप घरी लागली नव्हती.

होळी झाली. एका सकाळी मी माळावरून हाक मारली. भिंगरी आली. सावकाश, पण चारही खूर टेकवत!

आता डोंगरात तिच्या पाठीवर कुणाचंही ओझं चढणार नाही. साहेब येवो, नाहीतर साहेबाचा बाप!