दोन आवाजांची शांतता

“हात कॅमेऱ्यासमोर धर आणि एकदाच टाळी वाजव,” अनीर म्हणाला. “मागच्या वेळी नुसती तुझी बोटंच दिसत होती.”

“मागच्या वेळी तू कॅमेरा उशिरा चालू केलास,” तुदा म्हणाली आणि तिने टाळी वाजवली.

ईदरमामाची मोटरसायकल घाटाकडे निघाली. मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन मावसभाऊ अनीर. तुदा आणि तिचा धाकटा भाऊ यूबा बदामाच्या झाडाखाली उरले.

वसंताच्या सुट्टीत रोज हेच चालायचं. घाटात कॅमेऱ्याच्या माइकला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नसे. म्हणून तुदा एक छोटा रेकॉर्डर मेंढीच्या लोकरीत गुंडाळून सीटखाली बांधायची. मग अनीरच्या लॅपटॉपवर दोन्ही जुळवायचं : चित्रात तळहात जिथे भेटतात, तिथे टाळीचा ठोका. लोकरीची युक्ती तुदाची, सीटखालची जागा तुदाने शोधलेली. पण व्हिडिओखाली नाव एकट्या अनीरचं. गावातले लोक त्याची पाठ थोपटायचे, आणि तुदा तोंड फिरवून रेकॉर्डरची लोकर सोडत बसायची.

त्या दिवशी घाटातून परतल्यावर मामाने बातमी दिली. तिझनीत शहरातले, मामाच्या ओळखीचे बुजमाकाका दुपारी एक लाल मोटरसायकल घेऊन येणार होते. बदल्यात ते मामाची जुनी गाडी नेणार होते.

“आणि पुढच्या आठवड्यात मी आणि अनीर नव्या गाडीवरून थेट वाळवंटापर्यंत जाणार,” मामा म्हणाला.

“आणि मी?” तुदाने विचारलं.

“तू आवाज सांभाळ. आवाज काय, सीटखालीही बसतो.”

सगळे हसले. अनीर जरा जास्तच हसला.

मामाने फोनवर बुजमाकाकांचा व्हिडिओ लावला. लाल गाडी एका वळणावरून झपकन पुढे गेली. “ऐका. असाच आवाज हवा होता मला. मी आवाजावरून इंजिन ओळखतो.”

तुदाने ऐकलं. चित्रात गाडीवाल्याने पायाने गिअर बदलला, पण आवाज जराही उतरला नाही. मग बारीक किणकिण ऐकू आली. मामाच्या गाडीच्या मडगार्डचा सैल बोल्ट अशीच किणकिण करायचा. लाल गाडीचं मडगार्ड तर प्लॅस्टिकचं होतं.

“मामा, हा त्या गाडीचा आवाज नाही. आपल्या गाडीचा आहे. मी गेल्या वर्षी रेकॉर्ड केलेला.”

“जळतेस तू,” अनीर म्हणाला. “वाळवंटात तुला नेत नाहीत म्हणून.”

“असा हेवा बरा नव्हे, तुदा,” मामाही म्हणाला आणि चहाची तयारी बघायला गेला.

ती जळत होती हे खरंच होतं. पण बोल्ट किणकिणत होता, हेही खरंच होतं.

“पण आपला आवाज त्यांच्याकडे गेला कसा?” यूबाने विचारलं.

“मामाने तेव्हा सगळ्यांना कौतुकाने पाठवला नव्हता का? बुजमाकाकांनी तर फोनच्या रिंगला लावला होता.”

एवढ्यात बाहेर बुजमाकाकांच्या पिकअपचा हॉर्न वाजला. चहाचा तिसरा पेला झाला की सौदा पक्का करायला हात पसरून फातिहाची प्रार्थना म्हटली जाणार. एकदा फातिहा म्हटली की मामा शब्द फिरवणार नाही. आणि लॅपटॉप होता अनीरचा. तरी तुदा त्याच्याकडे गेली.

“दोन इंजिनं सारखी वाजू शकतात,” अनीर म्हणाला. “सिद्ध कसं करणार?”

“आवाज म्हणजे लाट. माझ्या फाइलमधली लाट उलटी कर, म्हणजे त्याची जिथे वर, तिथे माझी खाली. आवाज तोच असेल तर दोन्ही मिळून शून्य होईल. पण अगदी तंतोतंत जुळवावं लागेल. ते तुला जमतं.”

शेवटचं वाक्य बोलणं तिला जड गेलं.

अनीरने जुळवलं. आधी नळीतून आल्यासारखा पोकळ आवाज आला. त्याने फाइल केसभर सरकवली, दोन्हींची पातळी सारखी केली, आणि इंजिन विरून गेलं. मागे फक्त बारीकशी खरखर उरली.

अनीरने तेच पुन्हा लावून पाहिलं. “म्हणजे वाळवंट गेलं.”

“हो.”

“तुला बरं वाटत असेल.”

“थोडं वाटतंय,” तुदाने कबूल केलं. “चल लवकर.”

बाहेर तिसरा पेला भरला जात होता. यूबा पुढे झाला. “काका, गाडी चालू करून दाखवा ना.”

“प्रवासात बॅटरी उतरली, बाळा,” बुजमाकाका म्हणाले. “आवाज व्हिडिओत आहेच की.”

“मग तोच मोठ्याने ऐकू,” अनीरने लॅपटॉप चहाच्या तबकाशेजारी ठेवला. आवाज घुमला. काका खूश होऊन मान डोलवू लागले.

“आता यात मामाच्या गाडीचा आवाज मिसळते,” तुदा म्हणाली. “फक्त लाट उलटी करून.”

“दोन गाड्या, दुप्पट मजा,” काका हसले.

तुदाने कळ दाबली. पडद्यावर लाल गाडी धावत राहिली, मुकाट्याने. मामाने स्पीकरवर टिचकी मारली. तिने मामाच्या गाडीचा आवाज काढून टाकला, इंजिन परत गरजलं. पुन्हा मिसळला, पुन्हा शांतता.

“दोन वेगळी इंजिनं एकमेकांना अशी पुसू शकत नाहीत, मामा. हा एकच आवाज दोनदा आहे.”

फातिहासाठी उघडलेले मामाचे हात खाली आले. तो उठला, पिकअपवर चढला आणि तिथे बांधलेल्या लाल गाडीला किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन खोकलं, डब्यात खडे हलवावेत तसं खडखडलं आणि निळा धूर सोडून बंद पडलं.

“मी जरा सजवून दाखवलं, इतकंच,” बुजमाकाका पुटपुटले.

“माझ्याच गाडीच्या आवाजावर मला भुलवत होतास?” मामा म्हणाला. मग स्वतःलाच हसू आलं त्याला. “आणि मी म्हणतो, असाच आवाज हवा. बस, चहा संपव. आणि गाडी घेऊन जा.”

पिकअप दिसेनाशी झाल्यावर तुदाची आई म्हणाली, “माझ्या भावापेक्षा माझ्या लेकीचे कान तिखट निघाले.”

“अनीर, छान पकडलंस रे,” मामा म्हणाला.

अनीरने क्षणभर ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पकडलं तिने. युक्तीही तिचीच. मी नुसतं जुळवलं.”

मामा तुदाकडे वळला. “तुझं आधीच ऐकायला हवं होतं मी. शाबास. उद्या घाटात मागच्या सीटवर तू बसायचंस. आणि व्हिडिओखाली तुझंही नाव.”

 अनीरच्या तोंडावर जे आलं, ते तुदाला चांगलंच ओळखीचं होतं. 

“माथ्यापर्यंत मी,” ती म्हणाली. “उतरताना तू.”

“उतारावर चित्र हलतं,” अनीर कुरकुरला.

“माहीत आहे,” तुदा म्हणाली.